मतदान झालं, भांडण राहिलं: डेबियनमधला सिस्टमडीचा वाद

लिनक्स मशीन चालू केलं की कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, सगळ्यात आधी एकच प्रोसेस उठवतो. तिला इनिट म्हणतात, तिचा क्रमांक नेहमी 1 असतो आणि नेटवर्क, डेटाबेस, वेबसर्व्हर, लॉगिनचा स्क्रीन हे सगळं पुढे तिच्या मार्फत सुरू होतं. रोजच्या वापरात तिच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. 2013 आणि 2014 मध्ये मात्र या एका प्रोसेसवरून डेबियन या लिनक्स वितरणात, म्हणजे लिनक्सवर उभ्या तयार ऑपरेटिंग सिस्टममध्ये, जे रण माजलं, त्यात जुनेजाणते लोक पदं सोडून गेले, एकाने प्रकल्पच सोडला आणि वापरकर्त्यांच्या एका गटाने वेगळी चूल मांडली. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये वापरकर्त्यांचा सहभाग हा विषय निघाला की मला हेच प्रकरण आठवतं. यात नियम होते, मतदान होतं, लेखी घटना होती. तरी व्हायचं ते झालंच.

डेबियनला मालक नाही. इयन मरडॉक यांनी ऑगस्ट 1993 मध्ये तो सुरू केला. आज उबुंटूसह कितीतरी वितरणं त्याच्यावर उभी आहेत. साधारण हजारभर डेव्हलपर स्वयंसेवक म्हणून तो चालवतात. 1998 पासून प्रकल्पाला घटना आहे, दरवर्षी प्रमुखाची निवडणूक होते. दोन मेंटेनरांचं, म्हणजे एकेक पॅकेज (प्रोग्रामचा तयार संच) सांभाळणाऱ्यांचं, जमलं नाही तर निवाड्यासाठी टेक्निकल कमिटी असते, आणि कमिटीच्याही वर जायचं तर सर्व डेव्हलपरांचं मतदान, म्हणजे जनरल रिझोल्यूशन. कागदावर याहून नीट व्यवस्था मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात क्वचितच सापडेल.

तोवर डेबियनमध्ये सिसव्हीइनिट चालायचं. प्रत्येक सेवेसाठी एक शेल स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञा लिहिलेली मजकुराची फाइल. ती एकामागून एक चालवायची. स्क्रिप्ट वाचता येते, बदलता येते, मध्येच एक ओळ टाकून काय अडलंय ते पाहता येतं. पण सुरू केलेली सेवा पुढे जिवंत आहे की मेली याचा पत्ता इनिटला नसतो, आणि तीच ती शंभर ओळींची कसरत प्रत्येक पॅकेजमध्ये पुन्हा करावी लागते. पर्याय दोन होते. उबुंटूमागच्या कॅनॉनिकल कंपनीने 2006 मध्ये उबुंटूसाठी आणलेलं अपस्टार्ट, आणि लेनार्ट पोएटरिंग व के सीव्हर्स यांनी 2010 मध्ये सुरू केलेलं सिस्टमडी. पोएटरिंग रेड हॅट या लिनक्स कंपनीत होते. फेडोरा, आर्च, ओपनसूसा या वितरणांनी तोपर्यंत सिस्टमडी घेतलंही होतं. अपस्टार्टला कोड द्यायचा तर कॅनॉनिकलच्या करारावर सही करावी लागे, आणि ती अनेकांना मान्य नव्हती. शिवाय ग्नोम डेस्कटॉप सिस्टमडीच्या लॉगिनडी या, लॉगिन सांभाळणाऱ्या, भागावर अवलंबून राहू लागला होता. म्हणजे निवड फक्त इनिटची राहिली नव्हती. डेस्कटॉप हवा तर इनिट कुठलं, हेही त्यासोबत ठरत होतं.

ऑक्टोबर 2013 मध्ये प्रश्न टेक्निकल कमिटीपुढे आला. बग क्रमांक 727708.

निकाल कुणाला लागू होणार होता आणि मत कुणाला होतं, हे इथे पाहायला हवं. डेबियनच्या सामाजिक करारातलं चौथं कलम सांगतं की आमचं प्राधान्य आमच्या वापरकर्त्यांना आणि मुक्त सॉफ्टवेअरला आहे. मत मात्र फक्त डेव्हलपरांना. डेव्हलपर व्हायचं तर ओळख पटवून घ्यायची, कुणीतरी शिफारस करायची, काम दाखवायचं. यात महिनोन्‌महिने जातात. 2010 मध्ये एक चांगला ठराव झाला, की पॅकेज न बनवणाऱ्या पण भाषांतर, दस्तऐवज वगैरे काम करणाऱ्यांनाही सदस्यत्व मिळावं. तरी पंधरा वर्षं डेबियनवर शेकडो सर्व्हर सांभाळणारा ॲडमिन या दाराबाहेरच राहिला. हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेत भाडेकरूला हात वर करता येत नाही, पण टाकीचं पाणी बंद झालं की त्याचीही आंघोळ राहते. तसाच हा प्रकार. त्यात अन्याय आहे असं मी म्हणणार नाही. जो फुकट राबतो त्याच्या कामाबद्दल दुसऱ्याने बहुमताने ठराव करावा, हेही काही रास्त नाही. पण प्राधान्य एकाला आणि मत दुसऱ्याला अशी रचना असेल, तर पहिल्याचं म्हणणं दुसऱ्यापर्यंत नेणारी वाट पक्की लागते. डेबियनमध्ये ती वाट होती. ती कुठे होती ते पुढे येईल.

कमिटीत आठ जण. महिनोन्‌महिने चर्चा झाली आणि तांत्रिक बाजूने ती खरोखर चांगली झाली. रस ऑलबेरी यांनी दोन्ही प्रणाली स्वतः वापरून, पॅकेजं करून पाहिली आणि सविस्तर मत मांडलं. घोडं अडलं ते प्रश्न कसा मांडायचा यावर. इयन जॅक्सन यांचा आग्रह होता की डीफॉल्ट इनिट कुठलं आणि पॅकेजांनी एकाच इनिटवर विसंबावं की नाही, या दोन्ही गोष्टी एकाच मतपत्रिकेवर हव्यात, कारण एकीचं उत्तर दुसरीवर ठरतं. अध्यक्ष बीडेल गार्बी यांना त्या वेगळ्या हव्या होत्या. शेवटी फक्त डीफॉल्टवर मतदान झालं. ऑलबेरी, गार्बी, डॉन आर्मस्ट्राँग, कीथ पॅकार्ड सिस्टमडीच्या बाजूने. जॅक्सन, स्टीव्ह लँगसेक, आंद्रेआस बार्थ, कॉलिन वॉटसन अपस्टार्टच्या. चार विरुद्ध चार. 11 फेब्रुवारी 2014 रोजी गार्बी यांनी अध्यक्षाचं निर्णायक मत वापरलं आणि येऊ घातलेल्या जेसी (डेबियन 8) आवृत्तीसाठी लिनक्सवर सिस्टमडी डीफॉल्ट ठरलं.

निर्णय नियमाला धरून होता. पण चार-चार बरोबरी असताना अध्यक्ष आपल्याच बाजूला कौल देतो, हे हरलेल्याला गिळायला कठीण जातं. त्यात लँगसेक आणि वॉटसन कॅनॉनिकलमध्ये नोकरीला, तर सिस्टमडीमागे रेड हॅट. बाहेरच्यांनी दोन्हीकडच्या लोकांचे पगार मोजायला सुरुवात केली. तीनच दिवसांत उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी उबुंटूही सिस्टमडीकडे जाईल असं जाहीर केलं. अपस्टार्टचा प्रश्न तिथेच संपला. भांडण मात्र नंतर पेटलं, कारण आता लढत दोन नव्या प्रणालींमध्ये नव्हती. एकीकडे सिस्टमडी आणि दुसरीकडे आमचं चालू असलेलं जसंच्या तसं चालू राहू द्या, असा सामना होता.

विरोध करणाऱ्यांना नुसते हेकट म्हणून निकालात काढणं सोपं आहे, आणि त्या काळी अनेकांनी ते केलं. पण त्यांच्या तक्रारी पाहा. सिस्टमडीचं जर्नल नोंदी बायनरी फाइलमध्ये ठेवतं. मशीन कोसळल्यावर दुसऱ्या मशीनवरून ग्रेप (मजकूर शोधणारी आज्ञा) मारून काय झालं ते पाहायची सवय असलेल्याला हे खटकणारच. दूरच्या डेटा सेंटरमधला सर्व्हर अपग्रेडनंतर उठलाच नाही तर रात्री कोण धावणार? स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्टांचं काय? सिस्टमडी लिनक्स कर्नलच्या सीग्रुप (प्रोसेसचे गट बांधण्याच्या) सोयीवर उभं असल्याने फ्रीबीएसडीच्या कर्नलवरच्या डेबियनचं काय? आणि आज इनिट, उद्या लॉगिन, परवा नेटवर्क, असं एकेक करत एकाच प्रकल्पाच्या हाती किती द्यायचं? शेवटचा प्रश्न धोरणाचा आहे. बाकीचे अगदी नेमके आणि सोडवता येण्याजोगे होते. दुर्दैव असं की सगळी ताकद धोरणाच्या प्रश्नावर खर्ची पडली.

आणि भाषा? ती रसातळाला गेली. ऑक्टोबर 2014 मध्ये पोएटरिंग यांनी जाहीरपणे लिहिलं की आपल्याला शिवीगाळ होतेच, पण आपल्या नावाची सुपारी देण्यासाठी बिटकॉइन गोळा करण्यापर्यंत लोक गेले आहेत. त्याच वर्षी एप्रिलमध्ये डेबियनने आचारसंहिता मतदानाने मंजूर केली होती. ती डेबियनच्या मेलिंग लिस्टसारख्या माध्यमांत भाग घेणाऱ्यांसाठी. बाहेरून येणाऱ्या लोंढ्याला ती कोण वाचून दाखवणार?

मार्च 2014 मध्ये मॅथ्यू व्हर्नन यांनी इनिट निवडण्याचं स्वातंत्र्य राखणारा ठराव मांडला, पण त्याला पुरेसे अनुमोदक मिळाले नाहीत. ऑक्टोबरमध्ये जॅक्सन यांनी तोच धागा पुन्हा उचलला आणि या वेळी अनुमोदक जमले. वेळ मात्र नको ती साधली गेली. 5 नोव्हेंबरला जेसीचा फ्रीज होता, म्हणजे त्यानंतर मोठे बदल बंद. रिलीजच्या तोंडावर शेकडो पॅकेजांना लागू होईल असा ठराव आला, तेव्हा जे लोक एरवी तटस्थ राहिले असते तेही वैतागले.

या मतदानाची रीत समजून घेण्यासारखी आहे. मतपत्रिका ईमेलने येते. मतदार प्रत्येक पर्यायापुढे पसंतीक्रम लिहितो, आपल्या ओपनपीजीपी किल्लीने डिजिटल सही करतो आणि परत पाठवतो. मोजणीत पर्यायांच्या जोड्या लावून पाहतात: किती जणांनी पहिल्याला दुसऱ्याच्या वर ठेवलं, किती जणांनी उलट. जो पर्याय इतर प्रत्येकाला समोरासमोर हरवतो तो जिंकतो. त्या काळी कुणी कुठला क्रम दिला हे नावानिशी प्रसिद्ध व्हायचं. मतं गुप्त करण्याचा निर्णय 2022 मध्ये झाला, तोही मतदानानेच.

नोव्हेंबर 2014 च्या पत्रिकेवर पाच पर्याय होते. पहिला जॅक्सन यांचा: पॅकेजांनी सहसा कुठल्याही एकाच इनिटची सक्ती करू नये. दुसरा तेव्हाचे प्रमुख ल्युका न्युसबाम यांचा: इतर इनिटना आधार द्यावा अशी शिफारस, सक्ती नाही. तिसरा: मेंटेनरने ठरवलं तर तो एकाच इनिटची गरज ठेवू शकतो. चौथा: या विषयावर जनरल रिझोल्यूशनची गरजच नाही. पाचवा नेहमीचा, आणखी चर्चा करा.

चौथा जिंकला. म्हणजे या प्रश्नावर मतदान घ्यायलाच नको होतं, हा मतदानाचा निकाल. त्याच्या मजकुरात असंही होतं की रिझोल्यूशनने, निकाल काहीही लागो, कामात व्यत्यय येऊ शकतो, तेव्हा ती मांडताना सदस्यांनी विचार करावा. आणि निर्णयाच्या व वाद मिटवण्याच्या आपल्या पद्धती पुरेशा चालत आहेत.

हे शेवटचं वाक्य मला आजही बोचतं. त्याच महिन्यात काय चाललं होतं पाहा. जोई हेस यांनी अठरा वर्षांनी डेबियन सोडलं. डेबहेल्पर (पॅकेज बनवण्याचं साधन) आणि डेबियनचा इन्स्टॉलर यांच्यामागचा हा माणूस. कुठलंही पॅकेज उघडा, त्यांचं काम सापडेल. जाताना त्यांनी घटनेलाच दोष दिला. तिने प्रकल्पाला हळूहळू आजारी केलं, आणि ती आली तेव्हाच आपण विरोधात बोलायला हवं होतं, अशा अर्थाचं ते बोलले. टोलेफ फोग हेन सततच्या हल्ल्यांना कंटाळून सिस्टमडीच्या मेंटेनर टीममधून बाहेर पडले. ऑलबेरी आणि वॉटसन यांनी कमिटी सोडली. निकालानंतर जॅक्सन यांनीही सोडली. आणि जॅक्सन कोण, तर 1998 ची घटना ज्यांच्या हातून प्रामुख्याने उतरली ते. दोन्ही बाजूंचे लोक गेले, हे ध्यानात घ्या. पद्धती चालत होत्या हे खरंच, कारण प्रत्येक टप्प्यावर निर्णय निघत होता. त्या चालवणारी माणसं दमली होती.

तरीही तो निकाल चुकीचा होता असं मला वाटत नाही. जॅक्सन यांचा पर्याय जिंकला असता तर प्रत्येक मेंटेनरला स्वतः न वापरत असलेल्या इनिटसाठी स्क्रिप्ट सांभाळाव्या लागल्या असत्या. ठरावाने काम करून घेता येत नाही. घटनेतच लिहिलंय की कुणालाही काम करण्याची सक्ती नाही. तिसरा पर्याय जिंकला असता तर हरलेल्यांना उघड हाकलल्यासारखं झालं असतं. चौथ्याने दोन्ही टाळलं आणि प्रश्न पॅकेजागणिक, माणसागणिक सोडवायला परत पाठवला. डिसेंबरमध्ये कमिटीच्या सदस्यांना मुदत लावणारा ठरावही झाला. आधी ते पद कायमचं होतं, जोवर स्वतः सोडत नाही तोवर. हा सगळ्या प्रकरणातला सगळ्यात शहाणा प्रशासकीय बदल.

27 नोव्हेंबरच्या सुमारास स्वतःला जुने युनिक्स ॲडमिन म्हणवणाऱ्या एका गटाने डेवुआन जाहीर केलं: डेबियनच, पण सिस्टमडीशिवाय. फोर्कची, म्हणजे कोड घेऊन वेगळं होण्याची, धमकी मुक्त सॉफ्टवेअरमध्ये रोज कुणीतरी देतं. यांनी ती करून दाखवली. पण पहिली स्थिर आवृत्ती यायला मे 2017 उजाडलं. तोवर डेबियन 8 येऊन, 25 एप्रिल 2015 पासून, दोन वर्षं होऊन गेली होती आणि 9 दाराशी उभं होतं. डेवुआन बहुतेक पॅकेजं डेबियनकडूनच जशीच्या तशी घेतं, सिस्टमडीला बांधलेली तेवढी बदलतं. तेवढ्यालाही अडीच वर्षं लागली. इनिट बदलायला किती हात लागतात याचा अंदाज यावरून यावा.

आता ती मघाची वाट. ती होती बग ट्रॅकरमध्ये, म्हणजे वापरकर्ते दोष नोंदवतात त्या यादीत.

वापरकर्त्यांच्या नेमक्या तक्रारी एकेक करून घ्या. नोंदींची तक्रार: जेसीमध्ये नोंदी ठेवणारं जुनं आरसिसलॉग डीफॉल्टच राहिलं, नोंदी पूर्वीसारख्या साध्या मजकुराच्या फाइलींत येत राहिल्या आणि जर्नल फक्त मेमरीत, रीबूट होईपर्यंत. मेंटेनरांनी हे कसलाही ठराव न करता केलं. आरसिसलॉग डीफॉल्टमधून गेलं ते थेट 2023 च्या डेबियन 12 मध्ये, तोवर लोक सरावले होते. अपग्रेडची तक्रार: चालत्या सर्व्हरवर इनिट आपोआप बदलावं का, हा माझ्या मते वापरकर्त्यांच्या दृष्टीने पहिला प्रश्न, पण तो कमिटीत उशिरा, फ्रीजच्या तोंडावर आला. अपग्रेडमध्ये सिस्टमडी आलंच. पण जेसीच्या रिलीज नोट्समध्ये ते कसं टाळायचं हे दिलं होतं: पॅकेजं बसवणाऱ्या ॲप्टच्या प्रेफरन्सेसमध्ये सिस्टमडी-सिसव्ही या पॅकेजला उणे 1 प्राधान्य देणाऱ्या तीन ओळी. ज्याला नको त्याने अपग्रेडआधी ती फाइल टाकायची. हजारो संदेशांच्या भांडणातून ॲडमिनच्या हाती प्रत्यक्ष लागलेली वस्तू ही, तीन ओळींची.

सगळ्यात बोलकं उदाहरण मे 2016 मधलं. सिस्टमडीच्या 230 व्या आवृत्तीने डीफॉल्ट बदललं: वापरकर्ता लॉगआउट झाला की त्याच्या मागे राहिलेल्या सगळ्या प्रोसेस मारून टाकायच्या. कारण खरं होतं. डेस्कटॉपवर सेशन संपल्यावरही भरकटलेल्या प्रोसेस मागे राहतात आणि मशीन अडवतात. पण सर्व्हरवर माणूस एसएसएचने (दूरवरून) येतो, लॉगआउटनंतरही काम चालू ठेवणारं स्क्रीन किंवा टीमक्स उघडतो, रात्रभर चालणारी डेटाबेसची कॉपी लावतो आणि घरी जातो. नोहप तर नेमकं यासाठीच जन्माला आलंय. नव्या डीफॉल्टने हे सगळं लॉगआउटबरोबर मेलं असतं. उपाय होता, त्या वापरकर्त्यासाठी लिंगर (लॉगआउटनंतरही प्रोसेस राहू देणारी सेटिंग) चालू करायचं; पण तो आधी कुणाला माहीत असणार?

डेबियनच्या अनस्टेबल, म्हणजे अजून घडत असलेल्या, शाखेत ही आवृत्ती आली तशी एका वापरकर्त्याने बग नोंदवला, 825394. लॉगआउटनंतर माझ्या मागे चालणाऱ्या प्रोसेस मरतात, पूर्वी मरत नव्हत्या. त्याच्याखाली गर्दी झाली, थोडी जुनी आग पुन्हा भडकली. पण हाती वस्तुस्थिती होती: काय केलं, काय अपेक्षित होतं, काय झालं. डेबियनच्या सिस्टमडी मेंटेनरांनी डेबियनपुरतं ते डीफॉल्ट उलटवलं. कमिटी नाही, ठराव नाही. आजही डेबियनमध्ये ते बंदच आहे आणि ज्याला हवं तो एका ओळीने चालू करतो.

हे मेंटेनर म्हणजे 2014 मध्ये ज्यांच्यावर चिखलफेक झाली तीच टीम. सिस्टमडी घेतलं म्हणजे त्याच्या मूळ लेखकांचं सगळंच डोळे मिटून घेतलं, असा विरोधकांचा समज होता. प्रत्यक्षात वितरणाचा मेंटेनर मूळ प्रकल्प आणि वापरकर्ता यांच्या मधे उभा असतो. डेबियनमध्ये वापरकर्त्याची बाजू मांडणारा माणूस तोच, आणि 2014 मध्ये नेमका तोच नाउमेद केला गेला.

2019 मध्ये विषय पुन्हा मतदानाला आला, या वेळी प्रमुख सॅम हार्टमन यांनी स्वतः आणला. निमित्त होतं इलॉगिनडीचं, म्हणजे सिस्टमडीशिवाय लॉगिनडीचं काम करणारं पॅकेज, आणि सिसव्हीइनिटच्या स्क्रिप्ट नसलेल्या पॅकेजांचं. पाच वर्षांपूर्वी पॅकेजागणिक सोडवायला पाठवलेला प्रश्न पॅकेजागणिक साचत गेला होता. हार्टमन यांनी बाजू घेण्याआधी दोन्हीकडच्यांशी बोलून पर्याय लिहून घेतले, त्यामुळे पत्रिकेवरचे पर्याय वाढले पण आरडाओरडा बराच कमी झाला. डिसेंबरअखेर निकाल लागला: भर सिस्टमडीवर, पण पर्याय शोधणाऱ्यांना आधार. मेंटेनर स्क्रिप्ट देण्यास बांधील नाही; दुसऱ्या कुणी नीट काम करून आणलं तर त्याला वाट द्यावी.

त्यानंतर अनेक पॅकेजांनी जुन्या स्क्रिप्ट काढून टाकल्या. सिसव्हीइनिटवाल्यांनी त्या गोळा करून एक वेगळंच पॅकेज केलं, ऑर्फन-सिसव्हीइनिट-स्क्रिप्ट्स नावाचं. ते डेबियनच्याच मुख्य भांडारात आहे, आणि ज्यांना अजून सिसव्हीइनिटवर राहायचंय ते ॲप्टने ते टाकतात.